जिवाणूने दिलेली मुळं मोरड जमिनीत किती कामाची?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न असा आहे: "आमची थोडी मोरड (उंचावरची, पातळ मातीची) जमीन आणि तिच्या पायथ्याला भाताचे कोपरे आहेत. पावसात भात, कापणीनंतर उरलेल्या ओलीवर आळसांदे (चवळी), कडेला मिरची आणि रताळी. आळसांद्याला फुलं धरतात तेव्हाच ओल संपते आणि शेंगा पोचट राहतात. वाचनात आलं की एक जिवाणू निसर्गतःच आपली जनुकं झाडात सोडतो, तोच वापरून पाण्याचा ताण सोसणारी वाणं करता येतात आणि ती जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेली, ठरत नाहीत. हे खरं आहे का? आळसांद्याला चालेल का? असं बी कुठे मिळेल?"

आधी थेट उत्तरं देतो. जिवाणू हे काम निसर्गात खरोखर करतो, हजारो वर्षं करत आला आहे. "जीएम ठरत नाही" हे युरोपच्या कायद्याच्या चौकटीत मांडता येतं, भारतात ते गृहीत धरू नका. आळसांद्याचं असं बी बाजारात नाही, त्यामुळे कोणी पुडी दाखवली तर घेऊ नका. पण प्रश्न इथे संपत नाही. या पद्धतीत खरंच काहीतरी आहे, फक्त ते बातम्यांत दिसतं तिथे नाही. मी ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे झाडाच्या तुकड्यांपासून बशीत रोपं वाढवण्याच्या, प्रयोगशाळेत आणि शेतावरच्या चाचण्यांत याच विषयावर बराच काळ काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम गटातले जिवाणू राहतात. झाडाला जखम झाली की तिथून फिनॉल जातीची रसायनं झिरपतात, त्यात अ‍ॅसिटोसिरिंगोन मुख्य. जिवाणूला त्याची चाहूल लागली की त्याच्या प्लास्मिडवरची, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या वर्तुळाकार डीएनएवरची, "व्हिर" जनुकं कामाला लागतात. ती प्लास्मिडचाच एक तुकडा सोडवतात. तुकड्याच्या दोन्ही टोकांना २५ अक्षरांची ठरावीक खूण असते आणि काप नेमका तिथे बसतो. हा टी-डीएनए प्रथिनांच्या आवरणात एका नळीवजा यंत्रणेतून झाडाच्या पेशीत, तिथून केंद्रकात जातो आणि झाडाच्या गुणसूत्रात कुठेतरी शिरून बसतो. "कुठेतरी" हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

या गटातला एक भाऊ झाडावर गाठी आणतो. त्या गाठींमागे जिवाणू आहे हे स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ साली दाखवलं. गाठ आणणारं प्लास्मिड बेल्जियममधल्या गेंट इथे १९७४ मध्ये सापडलं आणि जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशीत खरोखर उतरतो याचा पुरावा मेरी-डेल चिल्टन यांच्या गटाने १९७७ मध्ये दिला. आजच्या बहुतेक जीएम पिकांमागचं तंत्र इथून निघालं. त्यात टी-डीएनएमधली जिवाणूची स्वतःची जनुकं काढून टाकतात आणि माणसाला हवं ते जनुक त्या जागी बसवतात.

तुम्ही वाचलंत ते दुसऱ्या भावाबद्दल. तो जखमेवर गाठ आणत नाही, मुळांचा झुबका आणतो; त्यांनाच केसाळ मुळं म्हणतात. त्याला पूर्वी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनिस म्हणत, आता रायझोबियम रायझोजिनिस म्हणतात. इथे एक खुलासा लगेच करतो, कारण या नावामुळे शेतकऱ्यांचा फार गोंधळ होतो. आळसांद्याच्या बियाण्याला चोळायला जे रायझोबियम कल्चर मिळतं त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते कल्चर मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतं आणि झाडाच्या जनुकांना हातही लावत नाही. ते जरूर वापरा.

तर हा दुसरा जिवाणू जी जनुकं सोडतो त्यांतली चार महत्त्वाची: रोल-ए, रोल-बी, रोल-सी आणि रोल-डी. त्यांच्यामुळे पेशी ऑक्झिन या संप्रेरकाला जास्त प्रतिसाद देते आणि मुळं फुटतात. त्याच तुकड्यावर ओपाइन नावाचे पदार्थ तयार करणारी जनुकंही असतात. ओपाइन झाडाच्या उपयोगाचं नाही, ते जिवाणूचं खाद्य. थोडक्यात जिवाणू झाडाकडून स्वतःसाठी अन्न पिकवून घेतो, झाडाला पाण्याचा ताण सोसता यावा म्हणून तो हे करत नाही. आपल्याला जो उपयोग दिसतो तो त्या उद्योगाचा अनपेक्षित परिणाम आहे आणि म्हणून तो प्रत्येक वेळी मोजूनच पाहावा लागतो.

हे निसर्गात होतं याचा सर्वांत चांगला पुरावा तुमच्या शेताच्या कडेलाच आहे. गेंट विद्यापीठ आणि पेरूमधलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या संशोधकांनी २०१५ मध्ये रताळ्याच्या लागवडीखालच्या २९१ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. प्रत्येक नमुन्यात या जिवाणूगटाचा टी-डीएनए सापडला. रताळ्याच्या जवळच्या रानटी नात्यात तोच तुकडा आढळला नाही. त्याआधी १९८३ मध्ये निकोटियाना ग्लॉका या रानटी तंबाखूत असा अंश सापडला होता, नंतर चहा आणि भुईमुगाच्या जनुकसंचातही सापडला. एकादशीला आपण उपासाची म्हणून जी रताळी उकडून खातो त्यांत जिवाणूची जनुकं माणसाने शेती धरल्यापासून आहेत, आणि हे सांगताना मला नेहमी आनंद होतो. त्या तुकड्यामुळेच रताळं फुगायला लागलं का, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. तसं ठासून सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

आता कायदा. युरोपीय संघाच्या २००१ सालच्या १८ क्रमांकाच्या निर्देशात संयुग्मन, ट्रान्सडक्शन, ट्रान्सफॉर्मेशन अशा, डीएनए एका सजीवातून दुसऱ्यात जाण्याच्या नैसर्गिक प्रक्रिया जीएमच्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत, अट अशी की त्यात प्रयोगशाळेत जोडलेला डीएनए वापरलेला नसावा. जिवाणू जसा मातीतून मिळाला तसाच, काही बदल न करता वापरला तर झाड या सवलतीत बसतं, या भूमिकेवर कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने कलांचोसारख्या कुंडीतल्या फुलझाडांवर काम केलं. ती झाडं बुटकी आणि भरगच्च राहतात, त्यामुळे वाढ रोखणारी रसायनं फवारावी लागत नाहीत. त्यांचा मूळ हेतू हा होता.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. त्यातली जनुकीय अभियांत्रिकीची व्याख्या रुंद आहे: त्या सजीवात सहसा नसणारं आनुवंशिक द्रव्य बाहेरून आत घालणं. केंद्राने ३० मार्च २०२२ रोजी जी सूट दिली ती जनुक-संपादित (झाडाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केलेल्या) आणि परका डीएनए न उरलेल्या वाणांपुरती आहे. ४ मे २०२५ रोजी जाहीर झालेलं पुसा डीएसटी राईस १ हे भात त्याच वाटेने आलं. त्यात भाताचंच एक जनुक संपादित केलं आहे, हेतू कोरड आणि खारेपणा सोसण्याचा. रोल जनुकं घेतलेल्या झाडात जिवाणूचा तुकडा राहतो, म्हणून ते या सुटीत येत नाही. माझ्या मते असं काम संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपुढे मांडूनच करायला हवं आणि शेतात रोप लावण्याआधी वरच्या समित्यांची परवानगी घ्यायला हवी. "नैसर्गिक आहे" म्हणून ते आपोआप निर्धोक होत नाही. हा जिवाणू मुळात रोगजंतू आहे. घरी भांड्यात वाढवून बांधावर ओतायची ही वस्तू नव्हे.

आता पिकांकडे येऊ. जिवाणू तोच असला तरी प्रत्येक पिकाची अडचण वेगळी आहे.

आळसांद्याच्या कोवळ्या दांड्यावर केसाळ मुळं आणणं अवघड नाही. दांडा कापून जखमेवर जिवाणू लावला की खाली नवी मुळं येतात, वरचा शेंडा जुनाच राहतो आणि असं मिश्र रोप कुंडीत जगतं. मुळांचा अभ्यास करायला ते उत्तम. पण फूल आणि शेंग येते वरच्या जुन्या शेंड्यावर, त्यात बदल नाही. म्हणजे त्या रोपाचं बी पेरलंत तर उगवेल तो तुमचा पूर्वीचाच आळसांदा. बियाण्यातून बदल पुढे जायचा तर केसाळ मुळाच्या एकेका तुकड्यातून अख्खं रोप उगवून आणावं लागतं आणि चवळीवर्गातल्या पिकांचं घोडं इथेच अडतं, कारण त्यांच्या ऊतींतून कोंब काढणं फार कठीण. अशक्य नाही. नायजेरियात शेंग पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी जीएम चवळी २०१९ मध्ये मंजूर झाली, म्हणजे चवळीत जनुक घालून पूर्ण रोप मिळवता येतं. त्यामागे मात्र कित्येक वर्षांची मेहनत आहे.

मिरचीचंही तसंच, ऊतिसंवर्धनात ती हटवादी आहे. शिवाय काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिचा रंग आणि चव बिघडण्याचा धोका पत्करून मुळं वाढवण्यात अर्थ नाही. भात एकदल आहे आणि हा जिवाणू निसर्गात एकदलांवर फारसा चालत नाही. प्रयोगशाळेत अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने भातात जनुक घालण्याची भरवशाची रीत जपानमध्ये १९९४ साली बसवली गेली, पण ती माणसाने बांधलेल्या प्लास्मिडची. भाताला कोरड सोसायला शिकवायची साधी वाटही आहे. सहभागी धान हे २०१० मध्ये प्रसारित झालेलं वाण नेहमीच्या संकर आणि निवडीतून आलं. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, खारेपणासाठी जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गोवा धान मालिकेतली वाणं दिली, त्यांनाही या जिवाणूची गरज पडलेली नाही.

उरलं रताळं, आणि मला विचाराल तर गोव्यात या पद्धतीची पहिली पारख करायची ती रताळ्यावर. एक तर ते केसाळ मुळं सहज देतं आणि त्या मुळांतून कोंबही फुटतात. दुसरं, त्याची लागवड वेलाच्या काड्यांनी होते, त्यामुळे एक चांगलं रोप हाती लागलं की पुढच्या पिढीत गुण विखुरण्याची भीती नाही. जपानी संशोधकांनी १९९३ च्या सुमारास अशी रताळ्याची रोपं मिळवली होती. पानं सुरकुतलेली, पेरं आखूड, आणि कंदाच्या आकारातही फरक. हाच खरा पेच आहे. रोल जनुकं मुळं वाढवतात आणि पानांचा पसारा कमी करतात, या दोन गोष्टी कोरडीत उपयोगाच्या. पण त्याच जनुकांनी फुलं उशिरा येतात, परागकण कमजोर होतात, कंद वेडावाकडा होतो. एक हातात ठेवून दुसरं टाकून देता येईल का, हाच या सगळ्या कामाचा गाभा.

काही प्रमाणात टाकून देता येतं, आणि इथे तो "कुठेतरी" शब्द कामाला येतो. टी-डीएनए प्रत्येक मुळात वेगळ्या जागी बसतो. एकात एक प्रत, दुसऱ्यात तीन. काही जिवाणूवाणांत हा तुकडा दोन भागांत असतो, डावा आणि उजवा, आणि दोन्ही भाग दर वेळी बरोबर जातातच असं नाही. म्हणून प्रत्येक मुळाला स्वतंत्र क्रमांक देऊन ते वेगळ्या बशीत वाढवायचं. दोन मुळं एका बशीत गेली की पुढची सगळी नोंद निरुपयोगी. यातून सौम्य परिणामाची ओळ शोधायची, ती चांगल्या वाणाशी संकरित करायची आणि पुढच्या पिढ्यांत निवड करायची. जिवाणूने फक्त विविधता दिली. वाण होतं ते निवडीतून, आणि हे काम गव्हाच्या किंवा भाताच्या कोणत्याही जुन्या पैदासकाराने केलेल्या कामाइतकंच रेंगाळणारं आहे.

प्रयोगशाळेतला भाग थोडा जवळून सांगतो, म्हणजे कोणी "आम्ही केलं" म्हणून आला तर काय विचारायचं ते कळेल. आठवडाभराच्या रोपाचा कोवळा दांडा किंवा पान निर्जंतुक पात्याने ओरखडायचं, रात्रभर वाढवलेल्या जिवाणूच्या द्रावात काही मिनिटं बुडवायचं, टिपकागदावर टिपून अंधारात दोन-तीन दिवस ठेवायचं. तापमान २२ ते २५ अंश. आपल्या हवेत हे सर्वांत नाजूक. पारा तिशीकडे गेला की व्हिर यंत्रणा मंदावते, जिवाणू जिवंत राहतो पण जनुकं पोचवत नाही. मे महिन्यात वीज गेली आणि खोली तापली की तो अख्खा घाणा फुकट जातो. त्यानंतर सेफोटॅक्सिमसारखं प्रतिजैविक घालून जिवाणू मारायचा. दोन-तीन आठवड्यांत जखमेच्या कडेला पांढरी लवदार मुळं दिसू लागतात. खरं केसाळ मूळ तोडून संप्रेरक नसलेल्या माध्यमावर ठेवलं तरी भराभर वाढतं, सतत फांद्या फोडतं आणि खाली वळायचं सोडून आडवं पसरतं, कधी तर वर चढतं.

दिसण्यावर तरी भागत नाही. पीसीआरने, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीने, दोन गोष्टी तपासायच्या. रोल-बी जनुक सापडलं पाहिजे आणि व्हिर जनुक सापडता कामा नये. व्हिर जनुकं टी-डीएनएच्या बाहेर असतात, ती झाडात जात नाहीत. ती दिसली याचा अर्थ जिवाणू अजून ऊतीला चिकटून जिवंत आहे आणि रोल-बीची पट्टी कदाचित त्याचीच आहे. ही दुसरी तपासणी न करता केलेला दावा मी वाचून बाजूला ठेवतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कोरड सोसण्याची चाचणी. इथे चांगले चांगले लोक फसतात. नेहमीची रीत अशी: जुनं वाण आणि नवी ओळ सारख्या कुंड्यांत लावायची, एका दिवशी पाणी तोडायचं आणि कोण किती दिवसांनी माना टाकतं ते पाहायचं. रोल जनुकांचं झाड जवळजवळ नेहमीच जास्त दिवस टिकतं, फोटो सुंदर येतो आणि मथळा तयार होतो. पण ते झाड बुटकं आहे, पानं कमी आहेत, त्यामुळे ते कुंडीतलं पाणी हळू पितं. दहाव्या दिवशी जुन्या वाणाची कुंडी ठणठणीत असते तेव्हा याच्या कुंडीत अजून ओल असते. दोघांनी सारखी कोरड सोसलीच नाही, तुलना कसली करणार?

म्हणून कुंड्या वजन करून चालवायच्या. आधी प्रत्येक कुंडीत मोजून सारखी कोरडी माती भरायची, भरपूर पाणी देऊन रात्रभर निथळू द्यायची आणि सकाळी वजन लिहायचं; त्यातून कुंडी आणि कोरड्या मातीचं वजन वजा केलं की उरते ती पूर्ण ओल. मग ठरवायचं की सगळ्या कुंड्या, समजा, पूर्ण ओलीच्या ४० टक्क्यांवर ठेवायच्या. रोज ठरल्या वेळी काटा लावायचा आणि ज्या कुंडीतून जितकं पाणी गेलं तितकंच तिला परत द्यायचं. मातीवर प्लॅस्टिकचं झाकण हवं, नाहीतर पृष्ठभागावरून उडालेलं पाणीही झाडाच्या नावावर पडतं. झाड नसलेली एक कुंडीही सोबत ठेवायची. आता सगळी झाडं सारख्या कोरडीत आहेत, आणि कोणी किती पाणी वापरून किती वाढ केली हेही हातात आलं.

मग पानातलं सापेक्ष पाणी मोजायचं. भर दुपारी पानाचे गोल काप घ्यायचे, लगेच वजन करायचं. काही तास शुद्ध पाण्यात तरंगत ठेवून पुन्हा वजन. भट्टीत सुकवून तिसरं वजन. पहिल्यातून तिसरं वजा करा, दुसऱ्यातून तिसरं वजा करा, पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा. सारख्या कोरडीत ज्या ओळीच्या पानात हे प्रमाण जास्त, तिच्यात खरंच काही आहे. तरीही शेवटचा शब्द दाण्याचा किंवा कंदाचा. कोरडीत हिरवंगार राहून काहीच न देणारं झाड शोभेच्या कुंडीला ठीक, शेतकऱ्याच्या काय कामाचं?

यानंतर तुमची जमीन. केसाळ मुळं आडवी पसरतात हे वर सांगितलं. मोरडीवर जिथे जांभ्यावर वीतभर माती आहे तिथे आडवं पसरणं कदाचित फायद्याचं, कारण मूळ खाली जाऊन करणार काय? अधूनमधून पडणाऱ्या सरीचं पाणी वरच्या थरातच असतं, ते पटकन उचलता येईल. भाताच्या कोपऱ्यांत मात्र उलट आहे. तिथे नोव्हेंबरनंतर ओल वरून खाली आटत जाते आणि फुलाच्या वेळी उरलेलं पाणी खोलवर असतं. तिथे मुळांची संख्या महत्त्वाची नाही, दिशा महत्त्वाची. भातात डीआरओ-१ नावाचं जनुक २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. ते मुळांचा कोन बदलून त्यांना सरळ खाली नेतं, आणि कोरडीत उत्पन्न राखतं ते त्यामुळे. "मुळं वाढली" एवढं ऐकून हुरळून जाऊ नये ते यासाठी.

आणि त्याहून साधी अडचण तुमच्या कोपऱ्यात आहे, तिला जनुक लागत नाही. चिखलणी करून करून भाताच्या जमिनीत नांगराच्या तळाशी एक घट्ट थर बसतो. आळसांद्याचं मूळ त्या थरावर आपटून आडवं वळतं, खालची ओल त्याला दिसतच नाही. पोचट शेंगांचं एक कारण मला तिथेच वाटतं. या हंगामात एक गोष्ट करा: फुलं धरल्यावर एक झाड फावड्याने ढेकळासकट काढा, पाण्यात हलकेच धुवा आणि सोटमूळ कुठे वाकलं आहे ते फूटपट्टीने मोजा. वाक सगळ्या झाडांत एकाच खोलीवर असेल तर थर नक्की. मग भात कापल्याबरोबर, ओल असतानाच, ओळींच्या जागी खोल फाळाने चिरा पाडून त्यात पेरा.

पेरणीही लवकर हवी. कापणी आणि पेरणी यांत दहा-बारा दिवस गेले की वरची ओल गेली. बी सहा-आठ तास भिजवून, सावलीत सुकवून, रायझोबियम कल्चर चोळून पेरलं तर उगवण एकदम होते. ओळींमध्ये भाताचं काड किंवा सुका पाला पसरा. गुरं मोकळी सुटतात म्हणून काड टिकत नाही, ही तक्रार मला ठाऊक आहे. तेव्हा निदान एका कोपऱ्याला कुंपण करून तिथे करून पाहा. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) झावळ्या अंथरून ओल राखतात, त्यात नवीन काही नाही, फक्त आळसांद्यासाठी आपण ते करत नाही.

मिरची आणि मोरडीवरच्या रताळ्यांना या हंगामात मी काही वेगळं सुचवणार नाही. रताळ्याच्या काड्या मात्र ज्या वेलाने मार्चपर्यंत पानं धरली त्याच वेलाच्या वेगळ्या ठेवा.

आता तुमच्याकडून मला काय हवं ते सांगतो. जिवाणू असो वा संकर, काम सुरू होतं ते चांगल्या स्थानिक बियाण्यापासून. प्रयोगशाळेत सहसा तेच वाण वापरतात जे ऊतिसंवर्धनात सहज वागतं आणि ते बहुधा शेतात कुचकामी असतं. डिचोली-सत्तरीच्या घराघरांत आळसांद्याचे वेगवेगळे दाणे आहेत, लाल, पांढरट, ठिपक्यांचे. त्यांतले काही लवकर फुलतात आणि ओल संपायच्या आत शेंग भरून मोकळे होतात. कोरडीतून निसटण्याचा हा गुण मला आळसांद्यासाठी कोणत्याही रोल जनुकापेक्षा आज मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या शेजाऱ्याच्या डब्यात असू शकतो. बाजारातल्या एकसारख्या बियाण्यामुळे ते डबे रिकामे होत चालले आहेत, याची मला खरी काळजी आहे.

तेव्हा गावातून जितक्या प्रकारचं बी मिळेल तितकं थोडं थोडं घ्या. प्रत्येकाची एक ओळ, शेजारी तुमच्या नेहमीच्या बियाण्याची ओळ, आणि ही जोडी शेताच्या निदान तीन वेगळ्या जागी, कारण एकाच कोपऱ्यातली ओल सगळीकडे सारखी नसते. पेरल्याची तारीख, पहिलं फूल, पहिली सुकलेली शेंग आणि ओळीचं सुक्या दाण्याचं वजन लिहा. बी कोणाच्या घरचं, त्या घरात किती वर्षांपासून, तेही लिहा. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकऱ्याला आपलं पारंपरिक वाण स्वतःच्या नावाने नोंदवता येतं आणि तिथे हीच माहिती विचारतात. ज्या घरातून बी घेतलंत त्यांना आधी विचारा आणि नोंदणी केलीत तर त्यांचं नाव वगळू नका.

निवडलेल्या ओळींचं मूठभर बी चांगलं वाळवून, लाकडाच्या राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात ओळीचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई पावसाळी दमटात पसरते. नोंदवही आणि धुतलेल्या मुळांची मापं मला पाठवलीत तर तुमच्या मातीसाठी वजनावरची कुंडीचाचणी कशी मांडायची ते आकड्यांसकट लिहून देतो.